न कुजणारी चिंधी

झेंडूच्या वासाला सुगंध म्हणावं की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. मला तो कडवट, हिरवा, किंचित औषधी वाटतो. सुधाला, माझ्या पत्नीला, तो माहेरचा वाटतो. मखमलाबादला तिच्या भावाचा, दत्तूचा, फुलांचा मळा आहे. दसऱ्याच्या आदल्या दुपारी तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये फुलांचे असे ढीग लागतात, की बाहेरच्या उन्हापेक्षा आतलाच उजेड अधिक पिवळा होतो, आणि त्या उजेडात घरच्या नि शेजारच्या बायका माळा ओवत बसतात. सुधा तिथे लहानपणापासून बसत आली आहे. तिचं ओवणं मी पुष्कळ वर्षं पाहिलं आहे. डोळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे, हसू समोरच्या थट्टेला, आणि हात मात्र आपल्या समजुतीने चाललेले. जणू त्या बोटांना फूल कुठे आहे, त्याचं काळीज कुठे आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

यंदा ती बसली, पण ओवलं नाही. दोन वर्षांपासून तिच्या बोटांचे सांधे धरले आहेत. सकाळी मूठ मिटत नाही, आणि मिटली तर लवकर उघडत नाही. औषधं वेळेवर चालू आहेत, तपासण्याही होतात. आजार ताब्यात आहे, असं डॉक्टर म्हणतात. मी पाटबंधारे खात्याच्या नोकरीत जन्मभर पाण्याच्या पातळ्या मोजल्या, त्यामुळे ‘ताब्यात’ हा शब्द मला धीर देणारा वाटतो: पातळी वाढत नाही, एवढं पुरे. पण ताब्यात असलेली बोटं सुई धरतीलच असं नाही. तिच्या वहिनीने सवयीने सुईदोरा तिच्यापुढे सरकवला तेव्हा सुधा म्हणाली, “आज नको गं. मी आपली देठ खुडते.” देठ खुडायचं काम त्या घरात लहान पोरांना देतात. चहा यायच्या आत आम्ही तिथून निघालो.

हे सांगितल्यावाचून पुढचं सांगता येणार नाही, कारण पुढचं वरवर पाहता एका चिंधीबद्दल आहे.

आमची मुलगी ऋचा आयर्लंडमध्ये असते. पश्चिम किनाऱ्याकडच्या एका गावात तिची नोकरी आणि घर आहे. यंदाच्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. नाशिकच्या मे महिन्यातून तिथे उतरणं म्हणजे तापलेल्या तव्यावरून ओल्या गवतावर पाय ठेवणं. दिवसभर उजेड, पण ऊन असं नाहीच. ढगांतून गाळून आलेला एक राखाडी, मवाळ प्रकाश, आणि त्यात दगडी कुंपणांनी तुकडे पाडलेली हिरवी शेतं. ऋचाच्या शेजारी नोरा नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात. सुधाने पहिल्या दिवशी त्यांच्याकडे चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, हे त्यांनी पाहिलं. काही विचारलं नाही. परतीच्या आदल्या दिवशी मात्र त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, चला, तुम्हाला आमची विहीर दाखवते.

विहीर म्हणावी असं तिथे काही नव्हतं. एका उतारावर, पायऱ्यांनी चार हात खाली, दगडांनी बांधून काढलेला झरा. पाणी इतकं स्वच्छ, की आधी तळातली नाणी दिसली आणि मग पाणी आहे हे कळलं. शेजारी आपल्या बोरीसारखं काटेरी, वाऱ्याने एका बाजूला कललेलं एक जुनं झाड. हॉथॉर्न त्याचं नाव. ते पांढऱ्या बारीक फुलांनी भरलं होतं, आणि फुलांइतक्याच चिंध्यांनीही. रुमालांच्या पट्ट्या, लोकरीचे धागे, बाळाचा एक मोजा, कोणाच्या तरी चष्म्याची काडी, जपमाळ. काही चिंध्या नव्या, काही विरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या झालेल्या. फुलांचा वास गोड, पण जरा जड. फार वेळ थांबलं तर डोकं धरेल असा. नोराबाई सांगत होत्या की या विहिरी एका संतिणीच्या नावाने ओळखल्या जातात, पण संतीण यायच्या आधीपासूनच्या आहेत. कुठली विहीर डोळ्यांसाठी, कुठली दातांसाठी, कुठली वेड लागलेल्यांसाठी. पाण्यात मासा दिसला तर काम झालंच म्हणून समजायचं. झाडाची फांदी तोडायची नाही, फुलं घरात न्यायची नाहीत. आणि विहिरीला फेरी घालायची ती सूर्याच्या दिशेने. म्हणजे उजवीकडून. सुधाने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्या मनात एकच शब्द आला होता. मग ती ओढणी सावरून, जणू तिथलीच असल्यासारखी, नोराबाईंच्या मागून प्रदक्षिणा घालू लागली.

रीत अशी होती: अंगाला लागलेल्या कापडाची पट्टी पाण्यात भिजवायची, दुखऱ्या जागेवरून फिरवायची आणि झाडाला बांधायची. सुधाने पर्समधून रुमाल काढला. जुना, सुती, धुऊन धुऊन मलमल झालेला. आणि इथे मी मध्ये पडलो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण करायचंच असेल तर नीट करावं, या मताचा मी आहे. समुद्रावरून सुटलेला वारा मी पाहत होतो, पावसाचं मान ऋचाने सांगितलं होतं. हा रुमाल महिनाभरही टिकायचा नाही, मी म्हणालो. सुधाच्या गळ्यात निळी ओढणी होती, पॉलिस्टरची, चांगल्या विणीची. तिच्या काठाची पट्टी मी खिशातल्या छोट्या कात्रीने कापून दिली. सुधाने ती पाण्यात बुडवली, एकेका बोटावरून फिरवली, डोळे मिटले. मग तिच्या बोटांनी गाठ बसेना, म्हणून ती मी मारली. दुहेरी; वर आणखी एक. ओढून पाहिली. नोराबाई त्यांच्या हेलाच्या इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. वाऱ्यात मला ते कळलं नाही, आणि कौतुक असावं असं समजून मी मान डोलावली.

आपल्याकडे गाठ म्हणजे आठवण असते. देवाच्या कानावर घातलेली गोष्ट त्याच्या ध्यानात राहावी म्हणून ती बांधायची. काम होईपर्यंत ती सुटता कामा नये, आणि झाल्यावर ज्याने बांधली त्याने येऊन सोडायची. मी लहानपणी टायफॉईडमधून उठलो तेव्हा माझ्या आईने मला सोबत नेऊन वडाला बांधलेली गाठ सोडली होती, हे मला आठवतं. तेव्हा मी जे केलं ते विचार करून केलं नव्हतं. माझ्या हातांना जी रीत ठाऊक होती ती त्यांनी पाळली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ऋचाचा फोन आला. फोनच्या पडद्यावर ती, मागे तिची खिडकी, खिडकीत पाऊस. दत्तूही त्या दुपारी आमच्याकडे उरलेली फुलं घेऊन आला होता. गप्पांच्या ओघात ऋचा म्हणाली, “बाबा, नोरा काल विहिरीवर गेली होती. म्हणाली, तुझ्या वडिलांच्या निळ्या पट्टीचा एक धागाही हललेला नाही.”

“नाहीच हलणार,” मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा अभिमान असावा.

“अहो बाबा, ती हलायला हवी! ती चिंधी कुजायला हवी असते. चिंधी जसजशी विरते तसतसं दुखणं जातं. सुती, लोकरी असलं काहीतरी बांधतात ते त्यासाठीच. नोराने तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला.”

दत्तू मांडीवर थाप मारून हसायला लागला. “दाजी, दुखणं बांधायला गेलते का जहाज? पॉलिस्टर म्हंजे लय झालं! आमच्या शेडनेटचा तुकडा न्यायचा होता, अजून पक्कं झालं असतं.”

“सगळं टिकाऊच लागतं ह्यांना,” सुधा म्हणाली. तीही हसत होती.

मी हसलो नाही. नियम समजून न घेता केलेलं काम मला झोंबतं. मी ऋचाला म्हणालो, मग त्यात काय, तू जा, ती काढ आणि आईचा एखादा सुती रुमाल तुझ्याकडे राहिला असेल तर तो बांध.

“तसं नाही चालत. दुसऱ्याने बांधलेलं काढायचं नाही. जो काढेल त्याच्याकडे ते दुखणं जातं म्हणतात. पण मी जाते की. माझा काही...”

“हात लावू नकोस!” मी ओरडलो.

आता मात्र तिघंही खो खो हसली. ऋचाला तर बोलता येईना. “बाबा, तुमचा विश्वास नाही ना?” दत्तू म्हणाला, “दाजी, धरणाची दारं उघडली बरं का आज!” मी उठून खिडकीशी गेलो. विश्वास नसलेल्या माणसाला स्वतःचा आवाज असा अनोळखी ऐकू येतो तेव्हा काय करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

दत्तू गेल्यावर सुधा त्याने आणलेल्या फुलांच्या परडीपाशी बसली होती. संध्याकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. ती हसत नव्हती.

“मला खरंच वाटलं होतं हो,” ती म्हणाली. “तिथे पाण्यात बोटं बुडवली ना, तेव्हा. गार पाणी होतं, दुखायला हवं होतं. दुखलं नाही. रोज सकाळी उठले की वाटायचं, तिकडे ती विरत असेल थोडी थोडी.”

पाच महिने ती हे मनात घेऊन उठत होती आणि मला ते ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी ती विहीर म्हणजे प्रवासातल्या फोटोंपैकी एक फोटो होता. कुठल्याही औषधाच्या गोळीचा परिणाम मी तिला विचारत आलो. त्या विहिरीबद्दल तिला काय वाटतं, एवढं एकच विचारलं नव्हतं. पॉलिस्टर किती काळ टिकतं याचा अंदाज मला आहे, आणि तो तिला ऐकवण्यासारखा नाही.

दत्तू थट्टेखोर असला तरी बहिणीचा चेहरा त्याला वाचता येतो. पुढच्या आठवड्यात त्यानेच सांगितलं, “ताई, वाघेऱ्याचा घाट चढून हरसूलकडं जाताना रस्त्याच्या वरल्या अंगाला उंबराखाली झरा हाय. लोक चिंध्या बांधतात तिथं. आपली भाषा समजणारा देव हाय तो. एक साधी सुती चिंधी बांध अन् मोकळी हो. फक्त दाजींना कात्री नेऊ देऊ नको.”

आम्ही मार्गशीर्षात गेलो. गिरणारं मागे पडलं की द्राक्षांच्या बागा विरळ होतात आणि जमीन वर वर उचलली जाते. कापलेल्या भाताच्या खाचरांत पिवळे खुंट उभे होते, कुठे राब भाजायला, म्हणजे रोपांची जागा जाळून तयार करायला, आणलेल्या पाल्याचे ढीग होते, आणि सकाळच्या थंडीत धुराचा वास जमिनीला धरून सरकत होता. घाटावर गाडी बाजूला लावून आम्ही पायवाटेने वर गेलो. झरा ऐकू आला आणि मग दिसला: उंबराच्या मुळ्यांमधून निघणारी बोटभर धार, तिच्याखाली कातळात झिजून झालेला खळगा, त्यात पडलेली उंबरं. पिकल्या उंबराचा आंबूस वास, ओल्या मातीचा वास. आणि खालच्या फांद्यांना चिंध्या. लुगड्यांच्या काठांच्या, गमछ्याच्या, एका शाळेच्या गणवेशाची बाही. दगडावर शेंदूर नसता आणि फांद्यांवर पांढरी फुलं असती, तर त्या लांबच्या उतारावर आपण पुन्हा आलो आहोत असं मला वाटलं असतं.

तिथे आमच्या आधी एक तरुण बाई आली होती. काखेत वर्षभराचं मूल, आणि दुसऱ्या हाताने ती फांदीला बांधलेली एक लाल पट्टी सोडायची खटपट करत होती. दाताने ओढून पाहत होती. मूल रडकुंडीला आलं होतं.

“अख्खा पावसाळा पिऊन बसलीया ही गाठ,” ती आम्हाला पाहून म्हणाली. “सुटतच नाय बघा.”

तिने सांगितलं ते एवढंच: मूल जन्मल्यापासून दूध पचवत नव्हतं, अंग धरत नव्हतं, दवाखाना चालू होताच, पण जेठात येऊन तिने ही बांधली. आता ते सावरलं. म्हणून सोडायला आली. मी खिशातून कात्री काढली.

“काका, कापायची असती तर मी कोयता आणला नसता का?” ती म्हणाली. “हातानंच सोडायची असती.”

सुधाने माझ्या हातातली कात्री खाली केली आणि पुढे झाली. “थांब, मला बघू दे.” मग तिला काही आठवलं असावं. “दुसऱ्याने हात लावलेला चालतो का गं?”

“चालतो की. मीच नाय का म्हणत, लावा हात!” ती बाई म्हणाली, आणि मूल माझ्याकडे दिलं.

मी त्या मुलाला घेऊन बाजूच्या दगडावर बसलो. ते गप्प झालं आणि माझा चष्मा तपासू लागलं. चष्म्याच्या कडेने मी सुधाकडे पाहत होतो. तिने झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन गाठीवर सोडलं. मग ओढलं नाही. पट्टीचं टोक धरून उलट आत लोटायला लागली, थोडं, पुन्हा थोडं. “ओढू नये,” ती त्या बाईला म्हणाली, “आत ढिली करत न्यायची. हाराचा दोरा गुंतला की आम्ही असंच करतो.” तिचं तर्जनीचं पेर लाल झालं. एकदा तिने हात झटकला, बोटं पाण्यात बुडवून ठेवली, आणि मी ‘राहू दे’ म्हणणार एवढ्यात पुन्हा सुरुवात केली. तिचे डोळे गाठीकडे नव्हते. ती त्या बाईशी बोलत होती. मूल आता काय खातं, रात्री झोपतं का, सासू कशी आहे. सासूबद्दल काहीतरी ऐकून ती हसली, आणि त्याच हसण्यात गाठ सैल पडली.

“मावशी, लय हलका हात हाय तुमचा,” ती बाई म्हणाली.

सुधाने आपले हात उलटसुलट करून पाहिले, जसं कोणी घरी आलेल्या माणसाला दारातच नीट पाहून घेतं.

त्या बाईने लाल पट्टी झऱ्यात धुतली, पिळली आणि मुलाच्या पोटावर सैलशी गुंडाळली. मग विचारलं, “तुमची कंची? बांधायची का सोडायची?”

सुधाच्या पर्समध्ये घडी केलेला तो सुती रुमाल होता. निघताना तिने तो माझ्यासमोर ठेवला होता. तिने पर्सला हात लावला नाही.

“माझी लांब आहे गं,” ती म्हणाली. “बोटीनं जायला महिना लागेल एवढी लांब. ह्यांनी बांधली आहे, म्हणजे सुटायचीही नाही नि कुजायचीही नाही.”

“मग?”

“मग काही नाही. राहील तिथं. निळी आहे, चांगली दिसते.”

दोघी हसल्या. मी मूल परत दिलं.

उतरताना उन्हं चढली होती आणि धुकं दरीतून निघून गेलं होतं. सुधा शेजारच्या सीटवर हात मांडीवर पालथे न घालता, तळवे वर करून बसली होती. बोटं सुजली होती. ती रात्री दुखणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही. गाडी चालवताना मी मनात त्या दोन झऱ्यांची तुलना करत होतो. तिकडे माणूस आपलं दुखणं झाडावर ठेवून मागे न पाहता निघून येतो. वारा-पाऊस त्याचं काय करायचं ते करतो, आणि दुसरं कोणी त्याला हात लावत नाही. इकडे माणसाला परत यावं लागतं, आणि गाठ सुटली नाही तर वाटेवरच्या परक्याला हाक मारावी लागते. यांपैकी कुठली रीत खरी, हा प्रश्न मला पूर्वी पडला असता. पाण्यात काही गुण होता का, हेही मी मोजून पाहिलं असतं. पण दुखऱ्या हातांनी दुसऱ्याचं दुखणं सोडवलं जातं तेव्हा नेमकं काय कमी होतं आणि कोणाचं, हे कुठल्या मापाने मोजायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

गिरणाऱ्याच्या अलीकडे सुधा म्हणाली, “दत्तूकडे ह्या आठवड्यात लग्नांच्या ऑर्डरी आहेत. माणसं कमी पडतायत म्हणत होता.”

“मग?”

“शनिवारी मला सोडा तिकडे.”

“ओवायला?”

“बघू. गाठी मारायला तरी.”

एरवी मी पुढचं विचारलं असतं: किती वेळ बसणार, दुखलं तर काय करणार, डॉक्टरांना आधी विचारायचं का. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा द्राक्षांचे मांडव सुरू झाले होते, आणि त्यांच्या कोवळ्या पानांतून येणारं ऊन तिच्या तळहातांवरून सरकत होतं. मी गाडीचा वेग थोडा कमी केला.